ओहोटीत टेकवलेली बोट

आमच्या ह्यांना जुना दगड दिसला की भान राहत नाही. इतिहासाचे मास्तर. निवृत्त झाले आणि घर विकून ही तीस वर्षांची कॅटमरान घेतली. एका शिडाची, दोन बुडांची, दोन होड्या शेजारी जोडाव्यात तशी. किनाऱ्याकिनाऱ्यानं पडके किल्ले आणि धक्के बघत हिंडायचं. अशी बोट ओहोटीला वाळूवर सरळ बसते, कलंडत नाही. म्हणून त्या दिवशी किल्ल्याच्या पायऱ्यांपाशी टेकवली.

डाव्या बुडाखाली ह्यांना घडीव दगडाची कड दिसली. मी म्हटलं, "अहो, बोटीखालची वाळू उकरू नका." ऐकतील तर शपथ. उकरत गेले, बोट खचली आणि बूड न् दगड यांच्यामध्ये ह्यांचा पाय घोट्यापाशी अडकला.

खणायला जावं तर खाली सगळा दगडच. पहार लावली, ती वाकली. वायरलेसवर बंदरातला माणूस म्हणाला, मदत पोचायला दोन तास लागतील. भरती तासाभरात ह्यांच्या डोक्यावरून जाणार होती. बोट तरंगली की पाय सुटला असता, पण सामानानं भरलेल्या बोटीला तरंगायला कमरेच्या वर पाणी लागतं, आणि हे खाली बसलेले, पाय आडवा अडकल्यानं उठता येईना.

"हलकी कर," ते म्हणाले.

मग मी चालता संसार पाण्यात टाकला. पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. बॅटऱ्या, गॅस, भांडीकुंडी, साखळीसकट नांगर, सगळं पलीकडच्या बाजूनं फेकलं. पुस्तकांची खोकी उचलली तर खालून आवाज आला, "ती राहू दे गं."

"तोंड मिटा, पाणी जाईल," मी ओरडले. खोकीही फेकली. देवाला शिव्या घातल्या, ह्यांनाही घातल्या.

पाणी हनुवटीला लागलं तशी मी उडी टाकली आणि त्यांचं डोकं वर धरलं. इतकी भ्याले नव्हते कधी.

"नाही जमलं तर तू बघू नकोस," ते म्हणाले.

"गप्प बसा."

एक लाट आली, बूड उचललं आणि परत बसलं. हे किंचाळले आणि पाण्याखाली गेले. दुसऱ्या लाटेला मी काखेत हात घालून जीव खाऊन ओढलं. पाय सुटला, पण भलतीकडेच वळलेला होता.

त्यांना पायरीवर आणलं तेव्हा बोट मोकळी झाली होती. वारा किनाऱ्याकडून होता, धरायला नांगर नव्हता. ती हळूहळू खोल पाण्यात निघाली. हे तशाच पायानं उठायला गेले.

"अगं, आपलं घर," म्हणाले.

मी दोन्ही हातांनी त्यांची कॉलर धरली, आणि बोट दिसेनाशी झाली तरी सोडली नाही.