येईल त्या नथीसाठी

आमच्या घरात पहिली हळद आजी लावते. घरातल्या सगळ्या पोरांना माझ्या सासूबाईंनीच, येसूबाईंनी, लावली. पण माझ्या लेकीचं, अमिषाचं लग्न ठरलं आणि आईंनी सुपाऱ्या सोलता सोलता जाहीर करून टाकलं, "पहिली हळद नीराबाईला लावू दे." नीराबाई म्हणजे त्यांची जाऊ.

"का म्हणून?" मी विचारलं. मला चौकशा फार, हे अख्ख्या दिवेआगरला ठाऊक आहे.

"नाकात नथ न्हाय माज्या. मोकळ्या नाकानं पहिली हळद लावीत न्हायत."

"मग घाला की कुणाची तरी."

"उसनी? व्हय गो, मग हळद पण उसनीच आण."

वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा आईंनी स्वतःच्या हाताने नथ काढून म्हसळ्याच्या सोनाराला दिली होती. त्यातून पत्रे आले आणि आमच्या होमस्टेच्या दोन खोल्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्यानंतर नथीचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. अमिषा मात्र ऐकून रडायलाच लागली. आजीने लावली नाही तर मला हळदच नको, म्हणाली. मला आधी आईंचा राग आला आणि मग फार वाईट वाटलं.

नथ आणायची, आणि तीही आईंना कळू न देता, असं मी ठरवलं. म्हसळ्याच्या सोनाराकडे पाऊल टाकलं असतं तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. म्हणून मोबाइल उघडला. लाल मखमलीवर मोत्यांची टपोरी नथ दिसली, वर सोन्याचा मुलामा दिलेली. निदान हळदीपुरती तरी होईल म्हणून लगेच मागवली.

आली ती माझ्या करंगळीच्या नखाएवढी! मी भडकलेच. वाईट शेरा लिहायला बसले, दोन ओळी खरमरीत लिहूनही झाल्या. मग विकणाऱ्याने काय लिहिलंय ते एकदा बघावं म्हणून खाली सरकले, तर तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'गौरीच्या मुखवट्यासाठी.'

मी लिहिलेलं पुसून टाकलं. कारण हा प्रकार मला चांगला ओळखीचा होता. आमच्या खोलीचा फोटो मी दाराच्या कोपऱ्यात खाली बसून काढते. त्यात खोली अशी ऐसपैस दिसते की पाहुणे आल्यावर आधी दुसरी खोली शोधतात. आणि 'समुद्र वाडीतून चालत' असं लिहिलेलं असूनही खिडकीतून समुद्र का दिसत नाही म्हणून कुरकुरतात. फोटो बघून भुलणाऱ्यांना मी इतकी वर्षं हसत आले होते, आणि आता त्यांच्याच रांगेत जाऊन बसले.

पण त्या इवल्या नथीने माझं डोकं चालू केलं. आता घ्यायची तर खऱ्या सोन्याचीच. नथीचा खरा आकार फोटोत कळावा कसा? मोती खरा की काचेचा? वजन लिहितात ते सोन्याचं, की मोती आणि खडे धरून? दुपारी पाहुणे समुद्रावर गेले की मी हेच वाचत बसायची. गोड गोड शेरे सोडून नाराज लोकांचे आधी वाचायचे, हे तर मला पाहुण्यांनीच शिकवलं होतं. हॉलमार्कच्या खुणेसोबत सहा अक्षरी क्रमांक असतो आणि तो सरकारी ॲपवर घालून बघता येतो, हे कळलं तेव्हा मी स्वतःच्या मंगळसूत्राची वाटी भिंग घेऊन तपासली. तिच्यावर काहीच नव्हतं. आमच्या लग्नात कुणी असलं बघत नव्हतं.

मग मी विकणाऱ्यांना प्रश्न विचारायला लागले. नथ तळहातावर ठेवून, खिडकीच्या उजेडात व्हिडिओ पाठवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. बहुतेकांनी फुलं आणि जोडलेले हात पाठवले. अलिबागच्या केसरताईंनी मात्र व्हिडिओ पाठवला. हात घरकाम करणाऱ्या बाईचा होता, नाणं होतं, आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. सोन्याचं वजन वेगळं, मोत्यांचं वेगळं सांगितलं. वर त्यांनीच मला उलटं विचारलं, "नुसती दाबून बसवायची, प्रेसची हवी, की टोचलेल्या नाकाची?"

"टोचलेल्या."

"मग भोक केवढं आहे ते कळवा. तार त्या मापाची करते. जाड झाली तर दुखेल, बारीक झाली तर नथ लोंबेल."

आता सासूच्या नाकाचं भोक कुठली सून मोजते? पण मला आठवलं, आईंच्या नाकात एक काडी असते. नारळाच्या झापाची हीर, केरसुणीतून मोडून घेतलेली, मुगाएवढा तुकडा. रोज आंघोळीनंतर जुनी काढून नवी घालतात. मला ती जुन्या बायकांची सवय वाटायची. आरशाखालच्या डबीत असे तुकडे ठेवलेले असतात. त्यातला एक उचलायला गेले आणि नेमक्या आई मागे उभ्या.

"काय शोधतीस?"

मी गडबडले आणि तोंडाला येईल ते विचारलं. "आई, ही काडी अजून कशाला घालता?"

"भोक बुजतं न्हाय घातली तर. बुजल्यावर नथ कुठं घालू?"

"कुठली नथ?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी. "येल ती."

एवढं बोलून त्या ओले केस झटकत वाडीत गेल्या. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू फुटलं. वादळानंतर एकही दिवस न चुकता ही बाई काडी बदलत होती. कुणाकडे काही मागितलं नाही, कुणाला बोल लावला नाही, फक्त जागा तेवढी राखून ठेवली.

मी डबीतला एक तुकडा कागदात गुंडाळून अलिबागला धाडला. कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "नारळाची हीर." त्याने पाकीट हलवून बघितलं आणि माझ्याकडेही नीट बघितलं.

नथ हळदीच्या आदल्या दिवशी आली. डबी फोडण्यापासून सगळ्याचा मी व्हिडिओ केला, चुकीची निघाली तर परत करताना पुरावा हवा. मागच्या पट्टीवरचा क्रमांक भिंगातून वाचून ॲपवर घातला, जुळला. मोती हळूच दातावर घासला, बारीक रेतीसारखा खरखरला. सगळं बरोबर होतं, पण खरी परीक्षा अजून व्हायची होती.

आई ओटीवर मामंजींना चहा देत होत्या. मी नथ त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी आधी तळहातावर झेलून वजन घेतलं, मग लाल खड्यावरून बोट फिरवलं. किंमत विचारली नाही. आरशासमोर बसून नाकातली काडी काढली आणि तार घातली. कुठे अडली नाही, की लोंबली नाही.

मामंजींच्या हातातला चहा तसाच राहिला. अमिषा धावत आली आणि आजीच्या गळ्यातच पडली.

"अगो, सोड, नथ अडकंल," आई म्हणाल्या. मी मोबाइल काढला आणि फोटोसाठी सवयीने खाली कोपऱ्यात बसले, तशा त्या गरजल्या, "नेत्रे, उठ! खोलीचा काढतीस तसा नको. हाय तेवढीच दिसू दे."

मी उठून समोर उभी राहिले आणि फोटो काढला. आईंनी दाराआडची केरसुणी घेतली, काढलेली काडी तिच्यात परत खोचली, आणि विचारलं, "हळद कोण दळतंय?"