पाठ झालेली अक्षरे

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो. हातभर लांब, अंगाने काळी, आणि वजनाने अशी, की पहिल्यांदा उचलणारा "अरे बापरे" म्हणतोच. दूरचे पाखरू जवळ आणून दाखवणे हे माझे काम. पण माझ्यात मोटर नाही की बॅटरी नाही. माझी कडी हाताने फिरवावी लागते, आणि चित्र स्पष्ट झाले की नाही ते माणसाच्या डोळ्यालाच ठरवावे लागते.

माझा जन्म कारखान्यातला. कित्येक दिवस माझ्या काचा घासल्या गेल्या. शेवटी एका कामगार बाईने मला दिव्यासमोर धरून आरपार पाहिले आणि खोक्यात ठेवले.

मला विकत घेतले एका चष्मेवाल्याने. आठवडाभर लोकांना भिंतीवरच्या पाटीची अक्षरे वाचायला लावायची आणि सुट्टीच्या दिवशी मला खांद्यावर टाकून तळे गाठायचे, हा मालकांचा नेम. त्यांच्या पत्नी चिडवत, "माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीत!"

"तू उडून जात नाहीस ना," मालक म्हणत. मग त्या हसत हसत डबा हातात देत.

आम्ही तासन्‌तास गवतात बसून असू. खंड्या फांदीवर उतरला की मालक श्वास रोखून माझी कडी केसभर फिरवत, आणि त्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा दिसू लागे. ते फोटो दुकानात लागले. गिऱ्हाइके मालकांचे तोंडभर कौतुक करत. माझे नाव कोणी काढत नसे. मला त्याचे वाईट वाटले नाही. खोटे कशाला बोलू, थोडेसे वाटले.

वीस वर्षे अशी गेली. मग फोटो पुसट येऊ लागले. मालकांनी मला पुसले, माझे स्क्रू आवळले, तरी खंड्या धुक्यातच. पत्नी म्हणाल्या, "अहो, एकदा डोळे दाखवून घ्या."

"लोकांचे डोळे तपासून केस पांढरे झाले माझे!" असे म्हणत मालक तडक पाटीसमोर उभे राहिले. एक डोळा झाकून त्यांनी अगदी शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचली. मग दुसरा डोळा झाकून तेच. एकही चूक नाही. "बघितलंस? लेन्सच गेली कामातून."

मित्रांनो, ती पाटी तीस वर्षे त्याच भिंतीवर होती. मालकांनी ती डोळे मिटूनही म्हटली असती. मला सगळे कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

मालकांनी मला मऊ कापडात गुंडाळले, चामड्याच्या पेटीत घातले आणि कपाटाच्या तळाशी ठेवले. दुसरी लेन्स घेतली नाही. तळ्यावर जाणेही सोडले. आत अंधार होता, ओल होती. बाहेर घरातली माणसे बोलत, पण त्यात माझा विषय कधी निघाला नाही. अशी चार वर्षे गेली. मला फार एकटे वाटे.

एक दिवस मालकांनी एका गिऱ्हाइकाला भलत्याचाच चष्मा दिला. लेकीने त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. तिथल्या पाटीवर अक्षरे वेगळी होती. मालक तिसऱ्या ओळीलाच अडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

ऑपरेशननंतर दिसू लागले, तसे मालकांनी आधी कपाट उघडले. मला खिडकीच्या उजेडात धरले. माझ्या आतल्या काचांवर बुरशीचे पांढरे जाळे पसरले होते. 

"हिचं काहीच बिघडलं नव्हतं गं," ते पत्नीला म्हणाले. "मीच बिघडवलं."

दुरुस्तीवाल्याने मान हलवली. बुरशीने काच खाल्ली होती, ते डाग निघणारे नव्हते. आता एक नवी लेन्स मालकांबरोबर तळ्यावर जाते. तिची कडी आपोआप फिरते. मी दुकानाच्या खिडकीत उभी असते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला बंद पेटीत ठेवू नका. आम्हाला ऊन-वारा दाखवा. आणि कोणाला टाकाऊ ठरवण्याआधी एकदा स्वतःलाही नीट तपासा, पाठ नसलेल्या पाटीवर.

जाळे आतल्या बाजूला आहे, हे चष्मेवाल्याला कळत नसेल का? तरी रोज सकाळी दुकान उघडले की मालक मऊ फडके घेऊन माझी बाहेरची काच पुसतात. मी पुसून घेते.