धुरेवरचं वजन

मुखरू सुतारानं चाळीस वर्षं बैलगाड्या बांधल्या. मग घरोघरी ट्रॅक्टर आले, बैलगाड्या गेल्या, आणि त्याच्या पोरीनं, उर्वशीनं, मूल गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं. आपली विद्या आता आपल्याबरोबरच सरणावर जाणार, असं म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं. रुसून तीन वर्षं तो दुकानाकडे फिरकला नाही. आज आला तोही म्हणे सहज, बाजाराच्या वाटेवर होतं म्हणून.

खरं कारण दुकानापुढे उभं होतं: चाकांवरचं घर. दोन पलंग, ओटा, खिडकीला पडदे. निवृत्त मास्तर वामनराव ते जीपला जोडून बायकोला सिरोंच्यापर्यंत हिंडवणार होते. असलं काम उर्वशीनं पहिल्यांदाच घेतलेलं. फसलं तर तालुकाभर हसं होणार होतं.

"ट्रॉलीसारखी पिन ठोक ना बाई," वामनराव म्हणाले.

"पिन ढिली खेळते, सर. ट्रॅक्टर हळू चालते, त्याले जमते. जीपले गोळ्याचाच हूक पाहिजे, अन् खाली दोन साखळ्या. हूक सुटला तरी घर सुटणार नाई."

मुखरूला हे पटलं, पण बोलेल तर तो मुखरू कसला!

तिघं जीपमध्ये बसले. चंद्रपूर रस्त्यावर पन्नासचा वेग घेतला आणि मागचं घर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागलं. वामनरावांनी घाबरून जीप थांबवली.

"पाह्य! पिनच लावाची होती," ते म्हणाले.

उर्वशीनं हूक तपासला, साखळ्या तपासल्या. सगळं जागच्या जागी. तिचा चेहरा उतरला, आणि तो पाहून मुखरूचा रुसवा तिथंच संपला. हूक सोडवून त्यानं घराची दांडी एका हातानं उचलली. ती सहज वर आली.

"उलाळ हाय हे, मागं जड. बैलाच्या मानेवर थोडा भार पडलाच पाहिजे, नाई तं गाडी ऐकत नाई. मागं काय भरलं तू?"

"पाण्याची टाकी, बाबा." उर्वशीनं जीभ चावली.

हळूहळू परत येऊन टाकी चाकांच्या पुढे घेतली. राइस मिलच्या काट्यावर दांडी टेकवली: आठशे किलोचं घर, हुकावर भार नव्वद.

"आता?" उर्वशीनं काट्याकडे नाही, बापाकडे पाहिलं.

त्यानं दोन्ही हातांनी दांडी उचलायला पाहिली. ती जेमतेम हलली. दम लागला. "आता झालं."

या वेळी साठच्या वेगातही घर मुकाट्यानं मागे आलं. वामनराव खूश झाले. "दुकान तुमचंच का, मुखरूभाऊ?"

मुखरूनं उर्वशीकडे बोट दाखवलं.

"दुकान पोरीचं, सर. मी तिच्याइथी कामाले आहो."