येळवशीची सहल

आता येळवशीच्या दिवशी राजेश्वर गावात बस नेऊन हॉर्न वाजवणाऱ्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा! मार्गशीर्षातल्या या अमावास्येला इथं गावात चिटपाखरू राहत नाही. घरादाराला कुलपं लागतात. ओल्या शेंगा न् पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली न् आंबिलाचे माठ डोक्यावर घेऊन माणसं रानात जातात, कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडतात, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाळी मारून जेवायला बसवतात. अशा दिवशी हुमनाबादच्या औषध कंपनीची बस चौकात उभी होती आणि निंगप्पा ड्रायव्हर इमानेइतबारे हॉर्न वाजवत होता. ऐकायला कोण? पिंपळाखालचं एक कुत्रं. तेही कंटाळून उठून गेलं.

बसच्या दारात सुधारानी उभी होती. कोहिनूर गावची पोरगी, कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. दर रविवारी राजेश्वरला येऊन ती बारावीच्या मुलींना केमिस्ट्री शिकवायची. कंपनीच्या भाषेत ती त्यांची मेंटॉर, मुलींच्या भाषेत अक्का. आज कंपनी या मुलींना, आईवडलांसकट, हैदराबादला सहलीला नेणार होती. आधी तारांगण, मग मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. त्या कार्यक्रमात ज्योती नावाच्या मुलीनं भाषण करायचं, आणि ते ऐकून मोठ्या मॅडम ठरवणार, की कलबुर्गीच्या फार्मसी कॉलेजचा खर्च कंपनी ज्योतीसाठी उचलणार की हैदराबादच्या दुसऱ्या कुणासाठी. जागा एकच होती. ज्योतीसारखी तल्लख पोरगी सुधारानीनं दुसरी पाहिली नव्हती, आणि ही जागा हुकली तर तिचं शिक्षण बारावीलाच थांबणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तारीख काढली होती किरणकुमारनं. तो बेंगळुरूचा, कंपनीच्या समाजकार्याचा साहेब. माणूस वाईट नव्हता हो, पण कॅलेंडरात लाल रंग दिसला तरच सण मानणारा. सुधारानीनं त्याला परोपरीनं सांगून पाहिलं. तर तो म्हणाला, "अमावास्या म्हणजे अशुभ दिवस ना? मग लोक घरीच असतील. उलट सगळे मोकळे सापडतील!" वर त्यानं स्वतः घरोघर फोन केले, आणि घरोघरून उत्तर आलं, "येतो की, सायेब." आमच्याकडं आवतण देणाऱ्याला तोंडावर 'न्हाई' म्हणायची रीत नाही. 'येतो की' म्हणायचं न् मग आपल्या सवडीनं बघायचं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. किरणकुमारनं मात्र त्या भरवशावर हैदराबादेत सगळ्यांची जेवणं सांगून ठेवली.

मागच्या गाडीतून त्या मोठ्या मॅडम, राजश्री मॅडम, उतरल्या आणि पाठोपाठ कंपनीचे बाकीचे साहेब. पोरींबरोबर बसमधून प्रवास करायचा म्हणून मॅडम मुद्दाम आदल्या दिवशीच हुमनाबादला येऊन राहिल्या होत्या. त्यांनी रिकाम्या चौकाकडं पाहिलं, मग किरणकुमारकडं पाहिलं.

"मुली कुठे आहेत?"

किरणकुमारच्या हातात पिवळ्या टी-शर्टांचा गठ्ठा होता. मुलींनी घालायचे म्हणून खास छापून आणलेले. छातीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात 'धन्यवाद' आणि खाली कंपनीचं नाव. तो गठ्ठा पोटाशी धरून बिचारा नुसता घाम पुसत राहिला.

सुधारानीनं ज्योतीला फोन लावला.

"अक्का, मी रानात हाय," ज्योतीचा आवाज रडवेला झाला होता. "कालधरनं सैपाक करायलाव. आई म्हणली, लक्ष्मी मांडायच्या आधी घरच्या पोरीनं रान सोडू न्हाई. पण अक्का, तुम्ही म्हणत असाल तर येते मी. भाषण पाठ हाय माझं. पळत येते."

"म्हणून दाखव बरं एकदा," सुधारानी म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही.

"नमस्कार. मी ज्योती. मी एका अत्यंत गरीब घरातली मुलगी आहे. माझे वडील मला शिकवू शकत नाहीत..."

किरणकुमारनंच लिहून दिलेलं ते भाषण. हे भाषण सुधारानीला नवं नव्हतं. तिच्या शिक्षणाच्या वेळी तिनंही असाच एक हॉल पाहिला होता. 'माझे वडील गरीब आहेत, मला मदत करा,' असं ती खणखणीत आवाजात बोलली होती आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला होता. पहिल्या रांगेत धुतलेलं धोतर नेसून बसलेले तिचे अप्पा, महादेवप्पा, त्या टाळ्या संपेपर्यंत आपल्या पायांकडं बघत राहिले. पोरगी शिकली, नोकरीला लागली, सगळं झालं. पण ती खाली गेलेली मान तिच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती.

तेवढ्यात फोन ज्योतीच्या आईनं, नागूबाईनं, हिसकावून घेतला. "काय गं सुधारानी, बस घेऊन गावात काय करायलीस? तिथं कोण हाय, भुतं? समद्यास्नी घेऊन रानात ये! पाव्हणे दारातनं उपाशी गेले तर लक्ष्मी काय म्हणंल?"

सुधारानीनं फोन ठेवला. पोरीला आत्ता रानातून ओढून आणली तर जागेची आशा होती. नाही आणली तर मॅडम गाडी वळवून निघून जाणार. पण ती पोरगी बापासमोर, हजार माणसांत, ते भाषण म्हणणार! नाही. एकदा झालं तेवढं पुरे झालं.

"मॅडम, सहल होणार," ती धीर करून म्हणाली. "फक्त आज त्यांनी आपल्याकडं यायचं नाही, आपण त्यांच्याकडं जायचं. आवतण आलंय."

"सुधारानी, तिकडे हॉल सजवून ठेवलाय!" किरणकुमार किंचाळलाच.

राजश्री मॅडमनी घड्याळ पाहिलं. कपाळावर आठी होती. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण थोडाच वेळ. आणि त्या मुलीचं भाषण मला ऐकायचंच आहे. त्यासाठी आले आहे मी."

रानात गेल्यावर काय झालं विचारू नका! बस बांधाला लागायचा अवकाश, आजूबाजूच्या रानांतून बाकीच्या मुलीही धावत आल्या, कुणी लुगड्यात, कुणी नव्या परकरात. ज्योतीचे वडील ग्यानबा, डोईला गुलाबी फेटा, हात जोडून पुढं आले. "बरं झालं आलाव, सायेब. आता रिकाम्या हातानं उभं राहू नका," म्हणत त्यांनी किरणकुमारच्या हातात लिंबाचा डहाळा दिला आणि स्वतः आंबिलाचं मडकं उचललं. पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरा घालायचा असतो. ग्यानबा पुढं, किरणकुमार मागं, त्याच्यामागं कंपनीचे बाकीचे साहेब, अन् पोरी फेऱ्याची आरोळी ठोकायल्यात, "ओलगेऽ ओलगे!" किरणकुमारला शिंपडायचं तंत्र कुठलं ठाऊक? निम्मं आंबील शाळूवर, निम्मं त्याच्या अन् मागच्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टांवर. पोरींची हसून हसून मुरकुंडी वळली. आणि गंमत म्हणजे, दुसऱ्या फेऱ्याला सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता तो किरणकुमारच.

पंगत बसली. मॅडमच्या पत्रावळीत वाफवलेले बाजरीचे उंडे, भज्जी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. नागूबाई वाढायला लागली की हात आडवा धरून उपयोग नसतो. पहिल्या चार घासांनंतर मॅडमची आठी गेली होती, पण त्या विसरल्या नव्हत्या.

"ज्योती, तुझं भाषण?"

ज्योती वाढण्याचं भांडं खाली ठेवून उभी राहिली. पदर सारखा केला. समोर पंगतीत तिचे वडील बसले होते.

"नमस्कार. मी ज्योती. मी एका अत्यंत..."

ती थांबली. किरणकुमार ओठ हलवून पुढचा शब्द सुचवायला लागला. ज्योतीनं कोपीकडं पाहिलं, मग आईकडं.

"मॅडम, हे भाषण मला इथं म्हणता येत न्हाई," ती म्हणाली. "आज लक्ष्मी रानात बसलीय. तिच्यासमोर आमी गरीब हाव असं म्हणायचं न्हाई, असा आमच्या घरचा नेम हाय. आईनं आज समद्या वाटसरूंना जेवू घातलंय. मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

गेली, सुधारानीला वाटलं, जागा गेली. आणि तरी तिला त्या पोरीचा असा काही अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

"मग आज काय म्हणता येतं?" मॅडमनी विचारलं.

ज्योतीनं क्षणभर विचार केला. मग आंबिलाचा पेला उचलला. "हे बघा. अक्कानं आमाला आम्ल अन् अल्क याच्यावर शिकवलं. बाटल्या न्हाईत, लिटमस कागद न्हाई, तर जास्वंदीच्या फुलांचं पाणी काढलं. ताज्या आंबिलात घातलं तर रंग जरासाच बदलला. रातभर आंबवलेल्यात लालभडक! मग मी दही, चिंच, राखेचं पाणी, समद्यात घालून पाहिलं. आईनं दोन दिवस मला चुलीजवळ येऊ दिलं न्हाई." पंगत हसली. ज्योती हसली नाही. "मला औषधं करायचीत, मॅडम. मदत करा म्हणत न्हाई मी. मला घ्या. तुमचा तोटा न्हाई व्हायचा."

ग्यानबा पोरीकडं बघत होते. मान ताठ, गुलाबी फेटा उन्हात नुसता पेटल्यासारखा.

मॅडम काही बोलणार, तोच नागूबाईनं त्यांच्या पत्रावळीत आणखी एक उंडा टाकला. "आधी जेवा. निकाल मागनं द्या."

मॅडम मोठ्यानं हसल्या. उंडा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "किरणकुमार, हैदराबादला फोन करा. आम्ही येत नाही म्हणावं, जेवणं तिथल्या मुलांना वाढा. आणि फार्मसीची जागा ज्योतीची. आजच, इथंच ठरलं. हे पाठ केलेलं भाषण मात्र परत कुणाला द्यायचं नाही."

मग काय! पोरींनी रान डोक्यावर घेतलं. नागूबाईनं ज्योतीची दृष्ट काढली आणि त्याच हातानं सुधारानीचीही काढली. साहेबलोकांचे शर्ट आंबिलानं चिकट झाले होते, दुसरे कपडे कुठले आणायचे? शेवटी किरणकुमारनं गुपचूप तो पिवळा गठ्ठा सोडला. पोरींच्या मापाचे टी-शर्ट त्या थोराड अंगांवर चढता चढेनात. त्याच्या पोटावर तर 'धन्यवाद' टरारून फुगला होता. मॅडमनीही एक मागून घेतला अन् कुडत्यावरून चढवला. निंगप्पानं फोटो काढला: मध्ये ग्यानबा, नागूबाई, ज्योती, भोवती लुगड्यातल्या पोरी, आणि मागं पिवळ्या शर्टातली अख्खी कंपनी.

सुधारानी बांधावर बाजूला झाली आणि तिनं फोन लावला.

"अप्पा, कुठं हाव?"

"रानात. तू यायलीस का न्हाई? आंबील ठिवलंय तुझं."

"एकटी न्हाई येत. समदी बस घेऊन येते."

कोहिनूर काही वाटेवर नव्हतं. पण निंगप्पानं विचारलंसुद्धा नाही, सरळ बस तिकडं घातली. उन्हं कलताना ती महादेवप्पांच्या बांधाला लागली. एकेक साहेब खाली उतरला, आणि महादेवप्पा एकेकाच्या छातीवरचं अक्षर वाचत उभे राहिले.

"अगं, जेवायच्या आधीच धन्यवाद कामून?" त्यांनी विचारलं.

"हे जेवणाचं न्हाई, अप्पा," सुधारानी म्हणाली. "हे मागचं हाय. त्या हॉलमधलं. तवा म्हणायचं राहून गेलं होतं."

महादेवप्पांनी लेकीकडं पाहिलं. मग धोतराचा सोगा सावरला, मान वर केली आणि शेजारच्या चार रानांना ऐकू जाईल अशी हाळी दिली, "माझ्या लेकीचे पाव्हणे आल्यात! पत्रावळी मांडा!"