एक मासा, एक टेबल, एक पलंग

मी एक जुनी शवपेटी आहे. टेशी गावातल्या म्हाताऱ्यांच्या केंद्राला मंजुरी माझ्यामुळे मिळाली. पण मित्रांनो, हे तुम्ही ऐकलेच नाही. मंजुरी अजून मिळायची आहे, असे धरून चला.

आमच्याकडे माणसाने जन्मभर जे काम केले, त्या आकाराच्या पेटीतून त्याला निरोप देतात. कोर्कोई आजींनी चाळीस वर्षे मासे विकले, म्हणून सुतार लामतेने मला तांबडा मासा केले. खवले इतके सुबक, की मांजरे माझ्यापुढे अदबीने बसत. डॉक्टरांनी आजींना तीन महिने दिले होते. आजींनी नऊ वर्षे घेतली. मी पडवीत धूळ खात पडले.

"आई, लोक विचारतात, ही कधी वापरणार?" मुलगी म्हणे.

"सांग, मला सवड नाही."

सवड भरपूर होती, तीच पंचाईत होती. मुले कामावर गेली की आजी भिंतीशी बोलत. शेजारचे ओक्पोती बाबा एकटेच सोंगट्या खेळत आणि तरीही हरत. शेवटी आजींनी म्हाताऱ्यांच्या केंद्रासाठी नगरपालिकेकडे एक बंद पडलेली खोली मागितली. उत्तर आले: शुक्रवारी पाहणी होईल. एक टेबल आणि विश्रांतीसाठी एक पलंग हवा. नसल्यास खोली सिमेंटच्या गोदामाला जाईल.

शुक्रवारी आठ म्हातारे मला खांद्यावर घेऊन त्या खोलीकडे निघाले. रस्त्यात लोकांनी टोप्या काढल्या. दोघी रडल्यासुद्धा.

"अगं बायांनो, मी मागून चालतेय!" आजी ओरडल्या.

नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले तेव्हा माझ्या पाठीवर डाव रंगला होता.

"टेबल कुठंय?"

"हे काय!" ओक्पोती बाबांनी मला थोपटले.

"आणि पलंग?"

"आत."

सोंगट्या बाजूला सारून साहेबांनी झाकण उचलले. आत आजी घोरत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला. "लाव रे ते, ऊन येतंय."

"ह्या... कोण?"

"आमच्या अध्यक्षा. बैठकीत आहेत."

साहेबांनी झाकण लावले आणि लिहिले: टेबल एक, पलंग एक, मंजूर.

आता माझ्या पाठीवर लापशीचे डाग आहेत, शेपटीचा रंग उडाला आहे आणि दुपारी माझ्यात झोपायला रांग लागते. मी सुखात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला आणि जुन्या माणसाला कोपऱ्यात ठेवू नका. दोघांनाही चारचौघांत जागा द्या.

संबंधित खात्यास विनंती अर्ज: सदर पेटी केंद्राच्या नित्य वापरात असल्याने मूळ कामासाठी मोकळी करता येत नाही. तरी श्रीमती कोर्कोई यांचा मृत्यू कायमचा रद्द करून तसे लेखी कळवावे.