पवळ्याचा खूर

तोंडवलीच्या गणपतचा झिल, म्हणजे मुलगा, स्वरूप थायलंडला जाऊन हत्तींची सेवा करून आला आणि गणपतला बोलायला एक विषय मिळाला. तसा तो आधीही गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"पगार काय देतत रे थंय?" शेजारच्या बाबूने विचारलं.

"ते कशाक देतीत? ह्योच देता. पैसे भरून दुसऱ्याच्या हत्तीची लीद काढता. आणि घरातला शेण काढ म्हटला तर नाकाक रुमाल."

सगळं पेटलं होतं ते गोठ्यावरून. गोठ्यात आता एकटा पवळ्या. उभा जन्म नांगर ओढलेला बैल. पॉवर टिलर आला तसं त्याचं काम गेलं. त्यात महिनाभर पुढचा उजवा पाय टेकत नव्हता. डॉक्टर इंजेक्शन टोचून गेला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. स्वरूपला गोठ्याच्या जागी होमस्टेची नवी खोली हवी होती, एसीवाली. म्हणून भाई टेम्पोवाला शुक्रवारी सकाळी येऊन बैल नेणार होता. "घाटार बरी सोय आसा," एवढंच भाई म्हणाला होता. ती सोय कसली, हे गणपत जाणून होता.

बायको सावित्री मुलाच्या बाजूची. "अहो, तुमचे गुडघे वाकनत नाय. तेका कोण बघतलो?"

हे मात्र खरं होतं. गणपत उकिडवा बसला तर त्याला उठवायला दोन माणसं लागत.

गुरुवारी संध्याकाळी पुण्याचे पाहुणे अंगणात तळलेली सुरमई खात होते आणि स्वरूप त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. अंगात ती थायलंडची ढगळ विजार, तिच्यावरही हत्तीच. पाहुण्यांपुढे त्याची भाषासुद्धा इस्त्री केलेली.

"या हत्तिणीने आयुष्यभर जंगलात ओंडके ओढले. आता म्हातारी झाली. तिथे तिला शेवटपर्यंत सांभाळतात. हा बघा, मी तिचे पाय धुतोय. कोमट पाणी, मीठ. नखं रोज साफ करावी लागतात."

एक बाई डोळे पुसत म्हणाली, "केवढं मोठं मन हो तुमचं!"

पडवीतून गणपतचा आवाज आला. "गो सावित्री, ऐकलंस? लाकडा ओढली तर पेन्शन. नांगर ओढलो तर टेम्पो."

पाहुणे आपापल्या ताटात बघायला लागले. स्वरूप तरातरा पडवीत आला. "बाबा, पावण्यांसमोर कशाक?"

"मगे कोणासमोर? पवळ्यासमोर बोलान झाला. तो काय उत्तर देणा नाय."

सकाळी गणपतने चुलीवर तपेलंभर पाणी तापवलं, मूठभर मीठ टाकलं आणि गोठ्यात पवळ्यापुढे स्टूल ठेवलं. "बस हयसर. मोबाइलात केलंस तसा कर."

"बाबा, टेम्पो येतलो आता."

"येवंदे. जाताना तरी पाय धुवन जांवदे तेका."

"थंय हातमोजे देत."

"देवान हात दिल्यान ते खंय ठेवलंस? थायलंडाक?"

स्वरूप बसला. पवळ्याने पाय झटकला, अर्धं पाणी त्या हत्तींच्या विजारीवर. गणपत खूश झाला. "ह्या तेका हत्तीन शिकवल्यान वाटता!"

पोरगा उठला नाही. त्याने पवळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो हळूहळू पायावरून खाली आणला आणि तसाच थांबला. पवळ्याने श्वास सोडला आणि पाय दिला. वास असा सुटला की स्वरूपने तोंड फिरवून कोरडी उलटी काढली. मग परत वळला. खुराच्या फटीतला काळा चिखल आणि पू धुवत धुवत त्याने अंगठा आत घातला आणि काहीतरी ओढून काढलं. कालवाच्या शिंपीचा तुकडा. खाडीकाठी चरायला जायचा, तिथेच रुतलेला.

"बाबा, ही कधीपासून हयसर होती?"

महिनाभर गणपत साऱ्या गावाशी बोलला होता. खुरात बॅटरी मारून बघायचं त्यालाही सुचलं नव्हतं. त्याने तो तुकडा घेऊन उजेडात धरला.

बाहेर हॉर्न वाजला.

"टेम्पो इलो," गणपत म्हणाला.

"मगे?" स्वरूपने वर बघितलंसुद्धा नाही. "आता सोडलंय तर परत पाय देवचो नाय तो. गरम पाणी होया आणखी. आणि मीठ आणा."

गणपत कुंपणाच्या बेड्यापाशी गेला. भाई टेम्पोचं फळकूट खाली पाडत होता. "काढा बैल भायर. माका उशीर होता."

"जा तू. आज नाय जमाचा. उद्यापण नाय. झिल कामात आसा."

"कसल्या कामात?"

"हत्तीचे पाय धुता," गणपत म्हणाला, आणि मीठ आणायला वळता वळता पुन्हा ओरडला, "आणि ह्या वेळेक फुकट!"