गेलेल्या गिऱ्हाइकाला आलेलं कार्ड

तिला नावाने कुणी हाक मारतच नसे. घरात, शाळेत, गल्लीत, सगळीकडे ती चौकशीबाई. वय वर्षं बारा, प्रश्न दिवसाला बाराशे. त्यात मामाच्या चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटर आला आणि बाईंना चरायला नवं कुरण मिळालं.

कॉम्प्युटर होता काउंटरच्या टोकाला. त्यात तेराशे बारा गिऱ्हाइकं. प्रत्येकाचं नाव, पत्ता, डाव्या-उजव्या डोळ्यांचे नंबर. मामाने दोन महिने एका बोटाने टकटक करत जुन्या वह्या आत उतरवल्या होत्या आणि मोठ्या ऐटीत वह्या रद्दीत घातल्या होत्या. शाळा सुटली की चौकशीबाईला रोज अर्धा तास त्याच्यापुढे बसायला मिळायचं. अट एकच.

"एक जरी भानगड झाली ना चौकशे, तर या खुर्चीला हात लावायचा नाही. कायमचा."

त्या अर्ध्या तासासाठी ती गणिताचा गृहपाठसुद्धा वेळेवर करत होती. म्हणजे बघा.

एका शनिवारी मामा जेवायला घरी गेला आणि तिला प्रश्न पडला. कॉम्प्युटर म्हातारा झाला तर त्याचं त्याला कळतं का? तिने आतली तारीख वीस वर्षं पुढच्या एक जानेवारीवर नेली. काही झालं नाही. ना खोकला, ना कण्हणं. मग तिने दुकानाचा प्रोग्राम चालू केला. तो थोडा वेळ आत खरडत बसला आणि पडद्यावर ओळ आली. एकूण गिऱ्हाइकं : शून्य.

तिने पडदा बोटाने पुसून पाहिला.

मागच्या खोलीत काकू चाकावर काचा घासत होत्या. मामाच्या दुकानातल्या सगळ्यात जुन्या कारागीर. चाक थांबवून त्यांनी आवाज दिला, "काय गं, एवढी गप्प? तुझं तोंड बंद म्हणजे काहीतरी फुटलेलं दिसतंय."

"नाही हो काकू, वाचतेय."

"मग नक्कीच फुटलंय."

तिने तारीख पुन्हा आजची केली. शून्य. बंद करून चालू केला. शून्य. मामा यायला चाळीस मिनिटं. हा प्रोग्राम लिहिणारा प्रोग्रामवाला मागे आला होता, तेव्हा कुठला शब्द टाइप केला की प्रोग्रामची आतडी पडद्यावर येतात, ते तिने त्याच्या खांद्यावरून पाहून ठेवलं होतं. तिने तो शब्द टाइप केला. ओळींमागून ओळी धावल्या. निम्म्या कळल्या नाहीत, पण एक कळली. एक जानेवारी आली की पाच वर्षांत न फिरकलेलं गिऱ्हाईक उचल आणि 'जुने' नावाच्या फाइलीत टाक.

अस्सं! वीस वर्षं पुढे गेल्यावर सगळं गावच जुनं झालं होतं. पण हरवलं नव्हतं!

कुठून उचलायचं आणि कुठे टाकायचं, या दोन नावांची तिने अदलाबदल केली आणि प्रोग्राम चालवला. शून्य. रडायलाच आली होती, तेवढ्यात ट्यूब पेटली. तारीख आजची केलीय ना! आज एक जानेवारीच नाही, मग तो कुणाला उचलेलच कशाला? तिने तारीख पुन्हा वीस वर्षं पुढच्या त्याच एक जानेवारीवर ढकलली, चालवला, आणि आकडा सरसर वर चढला. मग तारीख जागेवर, नावं जागेवर.

पण डोळे ज्याचे त्याला मिळालेत का? काकूंपुढे त्या दिवशीच्या कामाचे चार ट्रे होते. प्रत्येकात फ्रेम आणि नंबर लिहिलेलं पाकीट.

"काकू, नंबर वाचून दाखवता? पाठांतर करतेय."

"नंबरांचं? देवा!" म्हणत काकूंनी चारही पाकिटं वाचली. चारही पडद्याशी जुळली. ती खुर्चीत अशी सैल पडली की मामा आला तेव्हा म्हणाला, "झोपलीस का गं?"

एक गोष्ट मात्र घाईत नजरेतून सुटली. आकडा तेराशे बाराचा तेराशे एक्केचाळीस झाला होता.

आठवड्याने मामाने 'डोळे तपासून घ्या' अशी कार्डं छापून टपालात टाकली. चौथ्या दिवशी एक आजी कार्ड घेऊन काउंटरपाशी उभ्या.

"हे आमच्या ह्यांना आलंय. ते जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं विचारून यावं, तिकडे चष्म्याची सोय तुम्ही करता का?"

मामाच्या तोंडाचा आ मिटेना. त्याने हात जोडून माफी मागितली. आजी बिनधास्त हसत होत्या. "असू द्या हो. इतक्या वर्षांनी त्यांच्या नावाचं टपाल आलं, बरं वाटलं," असं म्हणून त्यांनी कार्ड पर्समध्ये परत ठेवलं.

मामाने तडक प्रोग्रामवाल्याला बोलावलं. "तुझा प्रोग्राम मेलेली माणसं उठवतोय!"

प्रोग्रामवाला ओळी वरखाली करू लागला. "छे, आपोआप नाही होणार हे. 'जुने' मधली माणसं कुणीतरी परत आणलीत. तू हात लावलास का?"

"मी? मला तो चालू करतानाच घाम फुटतो!"

चौकशीबाई दारात दप्तर घेऊन उभी होती. पळता आलं असतं. पण तिच्यापायी बिचाऱ्या प्रोग्रामवाल्याची खरडपट्टी निघणार होती. "मी," ती म्हणाली, आणि तारखेपासून पाकिटांपर्यंत सगळं एका दमात ओकून मोकळी झाली. "सगळ्यांना परत आणताना आधीचे जुनेही आले. ते लक्षातच नाही आलं."

मामा खुर्चीकडे बोट दाखवून तोंड उघडणार, तेवढ्यात प्रोग्रामवाला म्हणाला, "थांब जरा. काय गं, तारीख परत पुढे न्यायची, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. शून्य आलं, म्हणून विचार केला."

त्याने डोकं खाजवलं. "खरं तर चूक माझी. कुणी तारीख चुकवली तर काय, हे मी धरलंच नव्हतं. शनिवारी पाठव हिला माझ्याकडे. माझे प्रोग्राम बिघडवायला."

"बिघडवायला?" मामा किंचाळला. "ते तर ही फुकट करते!"

"मग तुला काय अडचण आहे?"

मामाने तिच्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं. "एकोणतीस माणसं परत जागेवर टाक आधी," तो गुरगुरला. "आणि मी शेजारी बसून बघणार."

ते शनिवार पुढे सहा वर्षं चालले. मग कॉलेज, मग नोकरी. आज ती एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांचे प्रोग्राम फोडून दाखवते आणि त्याचा रीतसर पगार घेते. पण त्या संध्याकाळी एवढं पुढचं कुठे माहीत होतं? एकोणतीस जण हलवून झाले, आकडा तेराशे बारावर आला, मामाने "हं" केलं, आणि तिला एकदम कडकडून भूक लागली. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

"अगं ए!" मागच्या खोलीतून काकू ओरडल्या. "माझा डबा कुणी रिकामा केला?"